आरोग्य विम्याचा दावा नाकारला? आधी केस पेपर पाहा

रात्री दोनच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागातून ५२ वर्षांच्या एका रुग्णाला आणले होते. छातीत दुखत होते, घाम फुटला होता. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ते जॉबर. ईसीजीवर हार्ट ॲटॅक स्पष्ट दिसत होता. पत्नी घाबरून तेलुगूत बोलत होती आणि सोबत आलेला शेजारी ते मराठीत सांगत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी घाईत केस पेपरवर लिहिले, 'बीपीचा त्रास १० वर्षे.' तातडीने अँजिओप्लास्टी झाली आणि जीव वाचला.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचे पत्र आले. बीपीचा जुना आजार पॉलिसी घेताना लपवला, म्हणून कॅशलेस नामंजूर. पॉलिसीचे तिसरे वर्ष चालू होते. घरच्यांनी मालकाकडून उचल घेतली, नातेवाइकांकडून पैसे जमवले आणि बिल भरले.

नंतर पत्नीशी शांतपणे बोललो तेव्हा उलगडा झाला. तिने त्या रात्री 'पदी रोजुलु' म्हणजे दहा दिवस असे सांगितले होते. दहा दिवसांपूर्वी कुणीतरी बीपी तपासून ते वाढल्याचे सांगितले होते, एवढेच. आमच्या कागदावर दहा दिवसांची दहा वर्षे झाली. कंपनीने तो एकच शब्द धरला आणि पुढे काहीही न विचारता दावा फेटाळला.

आम्ही दुरुस्तीचे पत्र दिले. कारखान्यातल्या दरवर्षीच्या तपासणीत बीपी नॉर्मल असल्याच्या नोंदी कुटुंबाने जोडल्या. साधारण सात आठवड्यांनी दावा मंजूर झाला. पण प्रत्येक कुटुंब इतका पाठपुरावा करत नाही. बरेच जण नकाराचे पत्र हाच अंतिम निकाल समजतात. प्रत्यक्षात ती फक्त कंपनीची बाजू असते, आणि ती बाजू कंपनीला सिद्ध करावी लागते. तिला उत्तर देण्यासाठी लागणारा पुरावा बहुतेक वेळा रुग्णालयाच्या कागदांतच असतो.

किती पैसे अडकतात?

विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजेच आयआरडीएआय, दरवर्षी आकडेवारी देते. २०२३-२४ मध्ये देशभरात आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे कंपन्यांसमोर होते. त्यांपैकी ८३,४९३ कोटी रुपये, म्हणजे सुमारे ७१ टक्के रक्कम दिली गेली. पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून सुमारे १५,१०० कोटी रुपये अमान्य केले गेले आणि आणखी १०,९३७ कोटी रुपयांचे दावे फेटाळले गेले. उरलेले वर्षअखेरीस प्रलंबित होते.

यातला प्रत्येक नकार अन्यायाचा होता असे नाही. पण दावा केलेल्या दर १०० रुपयांतले सुमारे २२ रुपये अमान्य किंवा नामंजूर होत असतील, तर नकाराचे कारण तपासून पाहणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.

'पूर्वीपासूनचा आजार' म्हणजे नेमके काय?

नकाराचे हे सर्वांत परिचित कारण आणि गैरसमजही इथेच जास्त आहेत. आयआरडीएआयच्या सध्याच्या व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले होते, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार दिले होते, तोच आजार पूर्वीपासूनचा मानला जातो. आजार शरीरात कधीपासून असावा, हा अंदाज पुरेसा नाही.

डॉक्टर म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बीपी आणि मधुमेह अनेक वर्षे काहीही लक्षण न दाखवता राहू शकतात. हार्ट ॲटॅकनंतर इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसली, तर 'बीपी बराच काळ असावे' असे आम्हीही म्हणतो. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर असू शकते. पण ज्या आजाराचे निदानच झाले नव्हते, तो रुग्ण अर्जात लिहिणार कसा? जे माहीत नव्हते ते लपवले, असे म्हणता येत नाही.

साखरेबाबतही असेच होते. गंभीर आजारात शरीरावर ताण येतो आणि मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर काही काळ वाढते. त्या दिवसाच्या एका रिपोर्टवरून त्याला जुना मधुमेही ठरवणे चूक आहे. अशा वेळी एचबीए१सी ही तपासणी उपयोगी पडते, कारण ती आधीच्या दोन ते तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते.

यासोबत दोन मुदती लक्षात ठेवा. दोन्ही नियम २०२४ मध्ये बदलले आहेत.

- जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पूर्वी तो ४८ महिने होता.
- पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली असेल, तर त्यानंतर 'माहिती लपवली' या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हाच अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती. कंपनी बदलून पॉलिसी पोर्ट केली असल्यास आधीची वर्षेही धरली जातात. मात्र विम्याची रक्कम मधेच वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी मुदत वाढीच्या दिवसापासून मोजतात.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिला. परदेश प्रवासाचा विमा घेताना प्रवाशाने मधुमेह असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत पोहोचताच त्याला हृदयविकाराचा झटका आला. तो स्टॅटिन गोळी घेत असल्याचे अर्जात नव्हते, म्हणून दावा नाकारला गेला. न्यायालयाने हा नकार रद्द केला. आजार माहीत असताना कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवता येत नाही. शिवाय मधुमेहींना स्टॅटिन अनेकदा प्रतिबंधक म्हणून दिली जाते. ती गोळी चालू असणे म्हणजे हृदयविकार होता असे नाही.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या एका प्रकरणात असाच विचार मांडला. मृताने कमरेच्या मणक्याचा त्रास अर्जात लिहिला नव्हता, पण मृत्यू हृदयविकाराने झाला. मणक्याचा त्रास जीवघेणा नव्हता आणि मृत्यूचे कारणही नव्हता, म्हणून दावा फेटाळणे अयोग्य ठरले. पुढे २०२४ मध्ये महाकाली सुजाता विरुद्ध फ्युचर जनराली या निकालात माहिती लपवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरी बाजूही आहे. २००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असूनही मेडिक्लेमच्या अर्जात त्याचा उल्लेख नव्हता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. म्हणून एजंट म्हणाला तरी अर्जातला बीपी-शुगरचा रकाना रिकामा ठेवू नका. जाहीर केलेल्या आजाराला प्रतीक्षा कालावधी लागतो, पण लपवलेल्या आजारामुळे पूर्ण पॉलिसीच धोक्यात येते.

'दाखल होण्याची गरजच नव्हती'

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि असे नकारही वाढतात. पत्रात लिहिलेले असते, 'ताप नव्हता, नाडी व बीपी स्थिर होते. केवळ तपासण्यांसाठी दाखल झालेले दिसते.' केवळ तपासणीसाठी दाखल होणे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते, हे खरे.

पण डेंग्यूचे वैशिष्ट्य असे की धोका अनेकदा ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप कमी होतो. त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती, प्लेटलेट्स झपाट्याने घटत असताना हिमॅटोक्रिट वाढणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी थर्मामीटर नॉर्मल असला तरी रुग्णाला दाखल करणे हाच योग्य उपचार असतो.

केस पेपरवर नुसते 'ताप, अशक्तपणा' लिहिलेले असेल, तर दूर बसून फाइल तपासणाऱ्याला हे समजत नाही. म्हणून दाखल करण्याचे कारण एका स्पष्ट वाक्यात लिहिणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. दावा नाकारला गेला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसे पत्र मागा. त्यात लक्षणे, तारखेनुसार प्लेटलेट्स व हिमॅटोक्रिट, दिलेले सलाइन आणि घरी पाठवले असते तर कोणता धोका होता, हे यायला हवे.

लहान नर्सिंग होममधला उपचार

सोलापूर शहरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा गावांत बराचसा उपचार लहान नर्सिंग होममध्ये होतो. 'हे रुग्णालय आमच्या व्याख्येत बसत नाही, खाटा कमी आहेत' असे कारण इथल्या रुग्णांना ऐकावे लागते.

प्रमाणित व्याख्येत दोन पर्याय आहेत. रुग्णालय संबंधित कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदलेले असावे, किंवा ठरलेले किमान निकष पूर्ण करणारे असावे. महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम्स नोंदणी कायद्याखाली होते. खाटांची अट दुसऱ्या पर्यायात येते. त्यानुसार १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा आणि इतरत्र किमान १५ खाटा लागतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. त्यामुळे नकार आल्यास रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि आपल्या पॉलिसीतली रुग्णालयाची व्याख्या त्याच्याशी ताडून पाहा.

दावा मंजूर, पण पैसे अर्धेच

पूर्ण नकारापेक्षा हा प्रकार जास्त आढळतो. समजा तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,००० रुपयांची खोली घेतली. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. खोलीच्या दर्जानुसार बदलणारे डॉक्टरांचे, नर्सिंगचे, ऑपरेशन थिएटरचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे करते. हे शुल्क ८०,००० रुपये असेल, तर ४०,००० रुपये तुमच्या खिशातून जातात.

मात्र या कपातीला मर्यादा आहे. औषधे, वापरून टाकायचे साहित्य, स्टेंटसारखी इम्प्लांट आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या शुल्कालाही ती लागू नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथेही अशी कपात करता येत नाही. म्हणून कपातीचा तपशील रकान्यानुसार मागा आणि बिलाशी जुळवा.

कंपनीवरची बंधने

आयआरडीएआयने २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्यासाठी एकत्रित परिपत्रक काढले. रुग्णाच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे मुद्दे असे.

- कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा.
- डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे.
- उपचारादरम्यान रुग्णाचा मृत्यू झाल्यास दाव्याची प्रक्रिया तातडीने करून पार्थिव नातेवाइकांच्या ताब्यात मिळेल असे पाहायचे.
- दावा फेटाळण्याआधी कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी हवी. एकट्या अधिकाऱ्याला किंवा टीपीएला तो परस्पर फेटाळता येत नाही.
- दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या कलमाचा उल्लेख करायचा.
- आवश्यक कागदपत्रे कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून मिळवायची. त्यासाठी रुग्णाला हेलपाटे घालायला लावायचे नाहीत.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे. बिल भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. त्यावरचा निर्णय उशिरा झाला, तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज मागता येते.

नकार आला, तर काय करावे?

१. नकार लेखी घ्या. फोनवरचे उत्तर किंवा ॲपमधला 'रिजेक्टेड' हा शब्द पुरेसा नाही. कलम क्रमांक आणि कारण मागा.

२. संपूर्ण केस पेपरची प्रत घ्या. फक्त डिस्चार्ज कार्ड नव्हे, तर दाखल होतानाची नोंद, नर्सिंगचे तक्ते आणि सर्व रिपोर्टही घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

३. चूक सापडली, तर डॉक्टरांकडून दुरुस्तीचे पत्र घ्या. मूळ कागदावर खाडाखोड करू नका. तारीख, सही आणि कारण असलेले स्वतंत्र पत्रच टिकते. जुने नॉर्मल रिपोर्ट, कारखान्यातील किंवा कार्यालयातील तपासण्या त्यासोबत जोडा.

४. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. त्याचा टोल-फ्री क्रमांक १५५२५५ आहे.

५. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात, नारायण पेठेतील न. चिं. केळकर मार्गावर, जीवन दर्शन इमारतीत आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. २०२१ पासून तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. त्यामुळे आजारी माणसाला घेऊन पुणे गाठायलाच हवे असे नाही. लोकपालाचा आदेश कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर तिला तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

६. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. लोकपालाचा निर्णय विरोधात गेला तरी इथे येता येते. पण एकच तक्रार दोन्ही ठिकाणी एकाच वेळी चालवता येत नाही.

दाखल होतानाच घ्यायची काळजी

माहिती शक्यतो रुग्णाला पूर्णपणे ओळखणाऱ्या व्यक्तीने द्यावी. बीपी, शुगर किती वर्षांपासून हे नक्की माहीत नसेल, तर अंदाज सांगू नका. 'माहीत नाही' हे उत्तर प्रामाणिक आहे आणि डॉक्टरांना चालते. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जात असेल, तर लिहिलेले पुन्हा वाचून दाखवायला सांगा. रुग्ण स्थिर झाल्यावर दुसऱ्या दिवशी केस पेपरवरची माहिती एकदा तपासून घ्या.

'डॉक्टर, ते बीपीचे काढून टाका ना' अशी विनंती मात्र करू नका. खरा आजार लपवला, तर पुढच्या वेळी भूल देणारा किंवा औषध लिहिणारा डॉक्टर अंधारात राहतो. शिवाय फसवणूक सिद्ध झाली, तर ६० महिन्यांचे संरक्षणही जाते.

पैसे अडले म्हणून उपचार थांबवू नका

कॅशलेस नाकारले गेले, की काही कुटुंबे रुग्णाला लवकर घरी नेतात. काही जण अँजिओप्लास्टी पुढे ढकलतात, काही जण नंतरच्या गोळ्याच घेत नाहीत. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या, तर स्टेंट अचानक बंद होऊन जीव जाऊ शकतो. दाव्याचे भांडण नंतरही लढता येते, हृदयाच्या स्नायूला तेवढा वेळ नसतो.

अशा वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि जुन्या आजारांनाही प्रतीक्षा कालावधी नाही. उपचार योजनेतल्या यादीत आणि रुग्णालय अंगीकृत असावे लागते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. हे दाखल झाल्याबरोबर विचारलेले बरे.

विमा कंपन्यांच्या नकाराचा अनुभव सरकारलाही आला आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत दावे वेळेत मंजूर होत नव्हते, अनावश्यक त्रुटी काढून ते नाकारले जात होते. त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने कंपन्यांना बाजूला केले आणि शेतकरी कुटुंबांना थेट सानुग्रह अनुदान देण्याचा निर्णय घेतला. सरकारला कंपनीच बदलून टाकता आली. सामान्य पॉलिसीधारकाला ते शक्य नाही. त्याच्या हातात नियम, मुदती आणि नीट लिहिलेला केस पेपर एवढेच असते.

त्या जॉबरकाकांचा केस पेपर आम्ही आता नव्या डॉक्टरांना शिकवताना वापरतो. 'किती दिवस' आणि 'किती वर्षे' हे दोनदा विचारा आणि रुग्णाच्या भाषेत विचारा, एवढाच तो धडा. रुग्णांनीही तेवढेच करावे. डिस्चार्ज घेताना औषधांच्या वेळा समजून घेता, तसा आपला केस पेपरही एकदा वाचून घ्या.